ग्रास कटरच्या पत्र्याखाली गवत साचू नये म्हणून



मेसेज मोठा आहे. आत्ता वेळ नसेल तर "पत्र्याखाली हात घालण्याआधी" एवढा भाग वाचा आणि बाकीचा रात्री जेवणं झाल्यावर. तुमच्याकडे ट्रॅक्टर चालवणारा माणूस वेगळा असेल तर त्याला हा मेसेज पुढे पाठवा, कारण यातलं निम्मं काम त्याच्याच हातात आहे.

गोडी छाटणी जवळ आली. द्राक्षाच्या दोन ओळींमधलं गवत पावसाने गुडघ्याला लागलंय, त्यामुळे अवजार बँकेतले ग्रास कटर रोज कुणाच्या ना कुणाच्या बागेत आहेत. यंत्र परत आलं की वरून धुतलेलं, स्वच्छ दिसतं. खाली वाकून पत्र्याच्या आत बघितलं की दोन-तीन बोटं जाड, हिरवा-काळा थर. भिंतीला थापलेल्या गोवरीसारखा. पुढच्या सभासदाला यंत्र तसंच द्यावं लागतं नाहीतर सकाळचा एक तास खरवडण्यात जातो, आणि त्याची पाळी तासभर पुढे ढकलली जाते.

इथे ग्रास कटर म्हणजे मिनी ट्रॅक्टरच्या मागे पीटीओवर चालणारा, आडवी पाती फिरणारा. काहीजण त्याला स्लॅशर म्हणतात. पत्रा म्हणजे पात्यांच्या वरचं झाकण.

हा थर म्हणजे नुसती घाण नाही. चार फुटी यंत्र धरा. पत्र्याची आतली बाजू साधारण १६ चौरस फूट. त्यावर सरासरी एक इंच थर बसला तर तो सव्वा घनफुटाच्या वर जातो, म्हणजे ३७-३८ लिटर. दाबलेला ओला लगदा पाण्याच्या निम्म्या वजनाचा धरला तरी १८-१९ किलो झाले. म्हणजे द्राक्षाचा एक भरलेला क्रेट पत्र्याला आतून चिकटवून तुम्ही ओळीओळीने फिरताय.

वजन एकवेळ ट्रॅक्टर ओढेल. खरं नुकसान वाऱ्याचं होतं. पातं फिरतं तेव्हा ते गवत तर कापतंच, पण पत्र्याखाली वारा पण तयार करतं. पात्याची मागची कड थोडी वर उचललेली असते, ती पंख्यासारखं काम करते. त्या वाऱ्याने आडवं पडलेलं गवत उभं राहतं, कापलं जातं, पत्र्याखाली एक फेरा मारतं आणि मागून किंवा बाजूने बाहेर पडतं. पातं आणि पत्रा यांच्यामधली जागा त्या वाऱ्यासाठी ठेवलेली आहे. तिथे थर बसला की वारा कोंडतो. गवत उठत नाही, नुसतं दाबलं जातं. कापलेलं बाहेर पडत नाही, तिथेच पुन्हा पुन्हा कुटलं जाऊन त्याचा लगदा होतो आणि लगदा थरावर आणखी बसतो. सुरुवातीचं अर्धं बोट जमायला वेळ लागतो, पुढची दोन बोटं पटकन जमतात.

ट्रॅक्टरवर बसून हे ओळखायचं कसं? मागे वळून बघा. ओळीत मधेच उभ्या गवताच्या मिशा राहत असतील, मूठ-मूठभर ओले गठ्ठे पडत असतील, इंजिनचा आवाज जड झाला असेल, तर पात्याला दोष देण्याआधी पत्र्याच्या आत बघा. गठ्ठे पडलेल्या जागी खालचं गवत दबून पिवळं पडतं आणि गठ्ठा आतून कुजतो. छाटणीआधी बागेत हवा खेळती राहावी, ओलावा कमी राहावा, डावणीला आयतं वातावरण मिळू नये म्हणून आपण गवत कापतो, आणि शेवटी ओल धरून बसणारे ढीग ओळीत सोडतो.

*चिकटतं का?*

तीन गोष्टी एकत्र येतात: ओलं गवत, माती आणि खरखरीत पत्रा.

ओल्याचं सगळ्यांना माहीत आहे. कोवळ्या गवतात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, वर पावसाचं किंवा दवाचं पाणी. मातीकडे मात्र लक्ष जात नाही. पूर्वी मातीचं घर लिंपताना मातीत भुसा आणि शेण का कालवायचे? भिंतीला धरून राहावं, भेगा पडू नयेत म्हणून. यंत्र फार खाली टेकवून चालवलं की पाती जमिनीला घासतात, काळी माती उडते आणि कुटलेल्या गवतात मिसळते. लिंपणाचा माल तयार. तो वाळला की खुरप्यानेही निघत नाही.

तिसरं, पत्र्याचा खरखरीतपणा. नवीन यंत्राचा रंग गुळगुळीत असतो, त्यावरून बराच लगदा घसरून जातो. रंग उडाला, गंज चढला, वेल्डिंगचे गोळे राहिले, ठिगळाची कड उघडी राहिली, की लगद्याला धरायला जागा मिळते. आणि चिकटलेला थर पत्र्याला सतत ओल लावून ठेवतो, म्हणजे गंज आणखी वाढतो. वरून रंग शाबूत आणि आतून पत्रा चाळणी झालेला, अशी यंत्रं आपल्या भागात कमी नाहीत.

*कापताना काय करायचं*

निम्मा बंदोबस्त इथेच होतो. शक्य असेल तेव्हा सकाळी दव उतरल्यावर, साधारण ११ नंतर सुरू करा. भाद्रपदात चार दिवस सलग झड लागली तर कोरडं गवत मिळणार कुठून, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. तेव्हा ओल्यातच कापावं लागतं, पण पद्धत बदलावी लागते.

पहिलं म्हणजे उंची. गुडघाभर गवत एकाच फेरीत जमिनीलगत आणायचा हट्ट सोडा. एका वेळी गवताच्या उंचीचा तिसरा हिस्सा, फार तर निम्मा कापा. पहिली फेरी उंचावरून, दुसरी दोन-तीन दिवसांनी खालून. डिझेल दोनदा जाईल हे खरं, पण कोंडलेल्या यंत्राने एका फेरीत जे काम होतं ते कामच नसतं, मिशा राहिल्या म्हणून दुसरी फेरी मारावीच लागते. शेवटची उंची जमिनीपासून तीन-चार इंच ठेवा. द्राक्षाच्या ओळीत गवत मुळासकट काढायचं नाहीये. खाली थोडं राहिलं तर माती वाहून जात नाही आणि ट्रॅक्टरचं चाकही रुतत नाही. दोन्ही बाजूंच्या स्किडची भोकं त्या उंचीला लावा. नुसत्या लिफ्टच्या अंदाजावर चालवू नका, जमीन वरखाली झाली की पातं मातीत जातं.

टॉप लिंकने यंत्राची पुढची बाजू मागच्यापेक्षा एक-दोन सेंटिमीटर खाली ठेवा. गवत पुढे कापलं जातं आणि मागून सहज निसटतं. उलट झालं, म्हणजे मागची बाजू खाली राहिली, तर कापलेलं गवत आतच घोळत राहतं आणि दोन-तीनदा कुटलं जातं. काहीजण बारीक चुरा व्हावा म्हणून मुद्दाम असं ठेवतात. उन्हाळ्यात वाळल्या गवताला ठीक आहे, पावसाळ्यात नको.

मग वेग. इथे बहुतेकजण उलटं करतात: डिझेल वाचवायला इंजिनचा रेस कमी आणि लवकर उरकायला गिअर मोठा. ओल्या गवतात रेस पूर्ण आणि गिअर लहान हवा. पीटीओ ५४० फेऱ्यांवर फिरेल एवढा रेस ठेवा. बऱ्याच ट्रॅक्टरच्या मीटरवर त्याची खूण असते. फेरे कमी झाले की वारा कमी, आणि वारा कमी म्हणजे लगदा. गवत फार दाट असेल तर पूर्ण पट्टा घेऊ नका, अर्धा घ्या.

पात्याची धार बोथट असेल तर गवत कापलं न जाता फाटतं, चेचलं जातं, रस सुटतो आणि तो रस गोंदासारखा काम करतो. स्लॅशरच्या पात्याला वस्तऱ्यासारखी धार नको, खड्याला लागून ती लगेच मोडते. पण बोट फिरवल्यावर कड गोल लागत असेल तर धार लावा. दोन्ही पाती सारखीच घासा आणि काढून काट्यावर वजन करून बघा. एक हलकं, एक जड झालं की यंत्र थरथरतं आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा निकाल लागतो. बदलायचं असेल तर जोडीने बदला.

आणि यंत्र घालण्याआधी ओळीतून एक चक्कर मारा. बांधणीची सुतळी, तुटलेली तार, जुन्या ठिबकच्या नळीचे तुकडे उचला. द्राक्षबागेत हे सगळीकडे पडलेलं असतं. सुतळी पात्याच्या शाफ्टला गुंडाळली जाते, तिच्यात गवत अडकून गोळा होतो, आणि गोळा वर सरकत सरकत ऑइल सील कापतो. गिअरबॉक्सचं तेल गळतंय हे कळेपर्यंत गिअर कोरडे चाललेले असतात. पत्र्यावरचा लगदा खरवडून निघतो, पण ऑइल सील गेलं की हंगामाच्या मध्यात यंत्र दोन-तीन दिवस गॅरेजला.

*पत्र्याखाली हात घालण्याआधी*

"इंजिन चालू राहू दे, पीटीओ बंद केलाय, लगेच काढतो." हे वाक्य मी बांधावर अनेकदा ऐकलंय. पीटीओ बंद केला तरी पाती लगेच थांबत नाहीत. ती जड असतात, वेगात असतात, आपल्या वजनानेच काही सेकंद फिरत राहतात, आणि पत्र्याच्या आड असल्यामुळे ती फिरताहेत हे दिसत नाही. फिरताना त्यांच्या टोकाचा वेग हायवेवरच्या गाडीपेक्षा जास्त असतो. दुसरं, चालू ट्रॅक्टरवर कुणी लहान पोर चढलं, कुणाचा हात दांड्याला लागला, तर पीटीओ पुन्हा जोडला जायला क्षणही लागत नाही. तिसरं, लिफ्ट. उचललेलं यंत्र तेलाच्या दाबावर लटकलेलं असतं. दांडा हलला, सील गळकं असलं, तर दीडशे-दोनशे किलो सरळ खाली येतात.

म्हणून क्रम ठरलेला ठेवा. सपाट जागा बघा. पीटीओ बंद करा. यंत्र उचला. इंजिन बंद करा, हँडब्रेक लावा, चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवा. ड्रायव्हरच्या नाही, जो खाली वाकणार आहे त्याच्या खिशात. पाती थांबली हे बाजूने, लांबून बघून खात्री करा. मग दोन्ही बाजूंच्या चौकटीखाली जाड लाकडी ओंडके सरकवा आणि लिफ्टच्या दांड्याने यंत्र त्यांच्यावर टेकवा. इंजिन बंद असलं तरी यंत्र खाली घेता येतं. विटा किंवा दगड लावू नका, वीट फुटते आणि दगड घसरतो. एवढं झालं तरी डोकं-खांदा आत घालायचा नाही. लांब दांड्याचं लाकडी उलथणं घ्या आणि बाजूला बसून ओढा. अवजार बँकेतून यंत्रासोबत दोन ओंडके आणि असं एक उलथणं दिलं जातं, ते घरी राहू देऊ नका, यंत्राबरोबर शेतात न्या.

हे सगळं करायला पाच मिनिटं लागतात. घाई असेल त्या दिवशी साफ न करता यंत्र परत आणा, चालेल. आम्ही चार शब्द बोलू, पण बोटं शाबूत राहतील.

*साफ कधी करायचं*

काम संपल्यावर लगेच, तिथेच. ओला थर ताजा असताना उलथण्याने सोलल्यासारखा निघतो. रात्रभर वाळला की त्याची गोवरी होते, मग छिन्नी-हातोडी लागते आणि तिने उरलेला रंगही निघतो. त्यामुळे "उद्या सकाळी धुतो" यात कष्ट वाचत नाहीत, वाढतात. गवत फार ओलं असेल तर मध्येही अर्ध्या-पाऊण तासाने एकदा थांबून बघा.

शेवटची ओळ झाली की थांबायच्या आधी यंत्र मोकळ्या जागेत, जमिनीपासून थोडंसंच वर, पूर्ण रेसवर अर्धा मिनिट नुसतं फिरवा. सुटा लगदा आपोआप फेकला जातो. आजूबाजूला माणूस, जनावर, गाडी नको. खडा उडाला तर तो लांब जातो.

खरवडून झालं की पाणी मारा. प्रेशर वॉशरची धार पत्र्यावर मारा, शाफ्टच्या बुडाशी आणि गिअरबॉक्सच्या सीलवर मारू नका, पाणी आत शिरतं. धुतल्यावर पुन्हा मिनिटभर फिरवून पाणी झटकून टाका आणि ग्रीसच्या निपलला दोन-दोन झटके ग्रीस द्या. ओलं यंत्र पत्र्याच्या बाजूने जमिनीवर टेकवून ठेवलं तर आत दमट राहतं, म्हणून ओंडक्यावरच ठेवा.

आता तेलाचं. बऱ्याच जणांनी विचारलं की आतून जळालेलं ऑइल लावलं तर चिकटणार नाही ना? पहिला अर्धा तास नाही चिकटत. नंतर त्याच तेलावर धूळ बसून आणखी घट्ट थर होतो, आणि उरलेलं तेल तुमच्या बागेच्या मातीत गळतं. माल निर्यातीला द्यायचा आणि ओळीत जळालेलं ऑइल सांडायचं, हे जुळत नाही. डिझेलचंही तेच. खायचं तेल मातीला त्रास देत नाही, पण टिकत नाही. बाजारात सिलिकॉनचे फवारे मिळतात, हिरवळीच्या लहान यंत्राला ते ठीक आहेत. आपल्याकडचं जाड गवत आणि मातीचे कण त्यांना लवकर घासून काढतात. माझं मत असं की फवाऱ्याचे पैसे रंगावर घाला. हंगाम संपला की पत्रा आतून तारेच्या ब्रशने गंज निघेपर्यंत घासा, वेल्डिंगचे गोळे ग्राइंडरने सपाट करा, रेड ऑक्साइडचा एक हात आणि चांगल्या ऑइल पेंटचे दोन हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. पात्यांना रंग नको.

*लगद्यातून काय प्रवास करतं*

हा भाग भाड्याच्या यंत्रासाठी जास्त महत्त्वाचा आहे. पत्र्याखालचा थर म्हणजे एका बागेतलं बी-बियाणं दुसऱ्या बागेत पोचवणारी फुकटची गाडी. गाजर गवत देशात पहिल्यांदा लक्षात आलं ते १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात, आज ते कुठे नाही ते सांगणं अवघड आहे. त्याच्या एका झाडाला हजारो बारीक बिया येतात. ओल्या लगद्यात त्या चिकटून बसतात आणि पुढच्या बागेत पहिल्या वळणावर गळून पडतात. हरळीला तर बीही लागत नाही, डोळा असलेला कांडीचा तुकडा ओल्या मातीत पडला की झालं.

म्हणून यंत्र ज्या बागेत चाललं त्याच बागेच्या बांधावर साफ करा, रस्त्यावर किंवा दुसऱ्याच्या विहिरीवर नाही. खरवडलेला लगदा तिथेच राहू द्या. शेणखताच्या ढिगाऱ्यावर टाकू नका, ढीग आतून नीट तापला नाही तर बिया जिवंत राहतात आणि पुढच्या वर्षी खताबरोबर सगळ्या रानात जातात. गाजर गवताला पांढरी फुलं यायच्या आत कापा. फुलावर आलं असेल तर त्यावर यंत्र घालू नका, ओल असताना हाताने मुळासकट उपटा. नुसतं कापलं तर ते बुडातून पुन्हा फुटतं. उपटताना आणि त्याचा लगदा काढताना हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि तोंडाला रुमाल हवा. त्याने अंगाला खाज सुटते, पुरळ येतं, काहींना दम लागतो. घरात कुणाला दम्याचा त्रास असेल तर हे काम त्यांच्याकडे देऊ नका.

ज्यांच्याकडे खांद्यावरचा ब्रश कटर आहे त्यांनाही थोडं हेच लागू. गार्डच्या आत गोळा बसतो आणि डोक्याला गवत गुंडाळलं जातं, गिअर केस तापतं. काढताना इंजिन बंद करून प्लगची कॅप ओढून ठेवा. घराच्या अंगणात पेट्रोलचा ढकलायचा मोवर असेल तर त्यालाही आधी प्लगची कॅप काढा, आणि आडवा करताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवा, नाहीतर इंजिनचं ऑइल फिल्टरमध्ये उतरतं.

या आठवड्यापासून यंत्र नेताना आणि परत देताना पत्र्याच्या आतल्या बाजूचा एकेक फोटो याच नंबरवर पाठवा. नेताना थर दिसला तर तो आधीच्या सभासदाचा, तुमच्या नावावर लागणार नाही. फोटो काढतानाही इंजिन बंद आणि चावी खिशात. यंत्र परत आणायची वेळ संध्याकाळी ६ पर्यंत. शाफ्टला सुतळी गुंडाळलेली दिसली आणि निघत नसेल तर ओढाताण न करता तसंच आणा, आपला मेकॅनिक सील न दुखावता काढून देईल.

– कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी